सहाव्या दिवसाचे आकडे

विभागप्रमुख खानझोडे सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला, आणि मला त्रास नको म्हणून पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

“वाचत बसू नका,” ते म्हणाले. “मजकूर मी तपासलाय. सही करा आणि खाली तारीख घाला.”

मी वाचला. चार ओळींचा माफीनामा होता. ‘मी, कुमारी शैलजा बोरकुटे, एम.एस्सी. भाग दोन, सूक्ष्मजीवशास्त्र, माझ्या प्रबंधातील तिसऱ्या ते सहाव्या दिवसाचे आकडे प्रत्यक्ष न पाहता कल्पनेने लिहिले असून...’ पुढे खेद होता, विनंती होती आणि शेवटी ‘आपली आज्ञाधारक’ होतं.

“सर, आकडे खरे आहेत.”

“मिस बोरकुटे,” सर फार सौम्यपणे म्हणाले. ते सौम्य झाले की शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे भिंतीला लागून चालत. “आपल्या विभागात प्लेट किती तास ठेवतात?”

“अठ्ठेचाळीस.”

“म्हणजे किती दिवस?”

“दोन.”

“मग सहाव्या दिवशी तुम्ही काय मोजलंत?”

याला उत्तर होतं, आणि ते मला देता येत नव्हतं. सरांनी लाल नोंदवही उघडून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक तारखेपुढे ‘प्लेटा नष्ट केल्या’ असं लिहिलेलं आणि त्यापुढे परिचर गुलाबराव ढोकेंची सही. नष्ट झालेल्या प्लेटांवर चार दिवसांनी ठिपके मोजणारी मुलगी खोटारडी तरी असणार किंवा भुताटकीत तरी असणार, आणि विद्यापीठात भुताटकीचा विभाग नव्हता.

“बुधवारी तोंडी परीक्षेला पुण्याहून थत्तेबाई येतायत,” सर म्हणाले. “त्यांच्यासमोर विभागाची शोभा नको. सही केलीत तर पास होण्यापुरते गुण देईन. नाहीतर प्रबंध परत, आणि प्रकरण चौकशी समितीकडे. समितीचा अध्यक्ष कोण आहे, ठाऊक आहे ना?”

“आपणच, सर.”

“विचार करा. घाई नाही. बुधवारी अकरापर्यंत वेळ आहे.”

मी टोपण पेनाला लावलं, पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले. कानशिलं अशी तापली होती की विभागातलं उबेचं कपाट, म्हणजे इन्क्युबेटर, बंद पडलं असतं तर माझ्यावर दोन रॅक प्लेटा सहज निघाल्या असत्या.

ही गोष्ट एकोणीसशे शहाऐंशीची, पूर्णानगर विद्यापीठातली. आमच्या विभागात साठ विद्यार्थी आणि एक इन्क्युबेटर. प्लेट म्हणजे काचेची झाकणाची बशी. तिच्यात जिवाणूंचं अन्न जेलीसारखं गोठवलेलं असतं. त्यावर जिवाणू पसरून बशी उबेला ठेवायची. एकेका जिवाणूची पिलावळ वाढत वाढत डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका होतो. त्याला आम्ही कॉलनी म्हणायचो. साठ जणांच्या बशा चार फळ्यांवर मावेनात म्हणून सरांनी वीस वर्षांपूर्वी नियम केला होता: दोन दिवसांत मोजा, नाहीतर ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर मारून टाका. आधी ती जागेची सोय होती. मग तिची पाटी रंगवली. मग ती पाठ्यक्रमात आली. मी शिकायला आले तोवर ते शास्त्र झालं होतं, आणि दोन दिवसांत न वाढणारा जिवाणू हा विभागाच्या मते नसलेला जिवाणू होता.

माझ्या प्रबंधातले जिवाणू जरा लंगडे होते. दुधातली साखर पचवायला लागणारं त्यांचं जनुक मुद्दाम बिघडवलेलं होतं. गावात एकच चक्की असावी आणि तिनं दिवसाला मूठभर पीठ द्यावं, तशी त्यांची अवस्था. दुधाच्या साखरेशिवाय दुसरं काहीच नसलेल्या प्लेटवर ते टाकले की ते ना मरत ना वाढत. मी दोन दिवसांनी पाहायचे, शून्य लिहायचे आणि प्लेट जायची. असं सात आठवडे चाललं. सात आठवड्यांत मी शून्य फार वळणदार काढायला शिकले.

फेब्रुवारीत चुलतबहिणीच्या लग्नाला मी पाच दिवस गावी गेले. परत आले तर गुलाबभाऊ स्टोअररूमच्या दाराशी माझी वाट पाहत होते. गुलाबराव ढोके आमचे प्रयोगशाळा परिचर. वय पंचेचाळीसच्या आसपास, अकरा वर्षं रोजंदारीवर. कायम होण्याची त्यांची फाइल सरांच्या टेबलावर होती, आणि फाइलवर सरांचा चष्मा ठेवलेला असायचा.

“ताई, तुमच्या पलेटा फेकाच्या राहून गेल्या,” ते हळूच म्हणाले. “आज काढाले गेलो, तं हे पाहा बरं.”

मी जाताना मोकळ्या असलेल्या प्लेटांवर ठिपके होते. काही मोठे, काही टाचणीच्या टोकाएवढे. म्हणजे सगळे एका दिवशी आलेले नव्हते. कुणी तिसऱ्या दिवशी, कुणी चौथ्या, कुणी आज सकाळी.

मी धावत सरांकडे गेले. सरांनी प्लेट उजेडात धरलीही नाही. “बाहेरची घाण पडलीय,” म्हणाले. “शुद्ध करून घ्या. तीन वेळा. आणि उशिरा टाकलेल्या प्लेटबद्दल ढोकेला सांगा, पुन्हा असं झालं तर तो कायम होण्याऐवजी कायमचा जाईल.”

तीन वेळा शुद्ध करणं हा आमचा दुसरा नियम. कॉलनीतले जिवाणू भरपूर अन्न असलेल्या प्लेटवर पसरायचे, एक स्वच्छ कॉलनी निवडायची, पुन्हा पसरायचे. आमच्या त्या प्लेटवर दूधसाखर खाणाऱ्या कॉलन्या लाल दिसायच्या आणि न खाणाऱ्या पांढऱ्या. माझ्या निघाल्या लाल, पण प्रत्येकीत एखाद-दुसरी पांढरी फोड. कुणी टरबुजात पेरूची फोड बसवावी तशी.

“पाहिलंत? मिश्र आहे,” सर म्हणाले, आणि स्वतःच्या पेन्सिलीनं त्यांनी काचेवर एका अखंड पांढऱ्या कॉलनीभोवती गोल केला. “ही घ्या. ही शुद्ध.”

तिन्ही वेळा पेन्सिल सरांचीच होती. तीन वेळा शुद्ध झालेले जिवाणू पुन्हा दूधसाखरेवर टाकले, तर दोन दिवसांत काही उगवलं नाही. सरांनी मान डोलावली. विषय त्यांच्यापुरता संपला.

माझ्यापुरता संपला नाही, आणि तिथे मी चूक केली. मी गुलाबभाऊंना म्हटलं, “भाऊ, माझ्या थोड्या प्लेटा सात दिवस ठेवाल का? कुठेही. मी रोज येऊन मोजून जाईन.”

त्यांनी विचार केला तो जेमतेम विडीची राख झटकण्याएवढा. “नोंदवहीत काय लिहू?”

“नेहमीचंच.”

“मंग ठेवतो.”

मार्चात पूर्णानगरच्या पत्र्याच्या स्टोअररूमला इन्क्युबेटरची गरज नसते. गुलाबभाऊंनी पोळ्यांच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात तळाला ओलं फडकं घातलं, त्यावर माझ्या प्लेटा रचल्या, आणि ते दिवसातून तीनदा डब्याला पोराच्या कपाळासारखा हात लावून पाहायचे. मी रोज मोजायचे. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी नऊ. पाचव्या दिवशी एकवीस. सहाव्या दिवशी अडतीस. तीन वेळा सगळं पुन्हा केलं; आकडे थोडे हलले, चढण तीच राहिली. मी ते प्रबंधात लिहिले. लिहिताना एवढा आनंद होता की ते कुठे मोजले हे कुणी विचारील, हे डोक्यातच आलं नाही.

तर त्या सोमवारी माफीनामा टेबलावर टाकून मी थेट स्टोअररूममध्ये गेले. गुलाबभाऊ परीक्षानळ्या धूत होते. झालेलं सांगितलं. ते नळी धूतच राहिले.

“डबा घेऊन जा ना सरायपाशी,” ते म्हणाले. “दाखवा त्यायले.”

“आणि नोंदवहीवरच्या तुमच्या सह्या?”

“त्या तं आहेतच.”

“भाऊ, तुमची फाइल.”

“अकरा वर्षं झाले, तिच्यावर चष्मा ठेवून राह्यले ते. अजून कितीक जड होईन ती.”

मी डबा उघडला. वरच्या प्लेटवर सहा दिवसांच्या कॉलन्या होत्या, आणि तिच्याखाली त्याच कॉलन्या भरपूर अन्नाच्या प्लेटवर पसरून पाहिलेल्या. बाजूला सरांच्या पेन्सिलीचे गोल असलेल्या तीन प्लेटा, त्याही भाऊंनी न फेकता ठेवलेल्या. दोन्ही समोरासमोर ठेवून मी बसून राहिले. लाल, पांढऱ्या फोडींची. आणि अखंड पांढरी, गोलात बसवलेली.

तेव्हा मला कळलं, आणि कळलं तशी मी गुलाबभाऊंसमोर मोठ्यानं बोलू लागले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते राहवेना. उपाशी जिवाणूंची चक्की सुधारली नव्हती. कधीतरी एखाद्याकडून चुकून त्या जनुकाची दुसरी प्रत निघते; तशा दोनाच्या चार, चाराच्या दहा प्रती होतात. दहा मंद चक्क्या मिळून एका धडक्या चक्कीचं काम. पोट भरायला लागतं, कॉलनी दिसायला लागते, पण जमवाजमव करायला दिवस लागतात, म्हणून उशीर. आणि एकदा भरल्या ताटावर नेऊन बसवलं, की दहा चक्क्या कोण सांभाळणार? एकेक टाकून देतात. ज्यानं टाकल्या त्याची लेकरं पांढरी. तीच ती फोड.

“म्हणजे सरायनं तिन्ही डाव चक्की फेकणारेच निवडले,” गुलाबभाऊ म्हणाले.

“तिन्ही वेळा. पेन्सिलीनं.”

“आन् मंग विचारते, पीठ कुठं हाय.”

त्यांना हसू आलं. मला येत नव्हतं. मला राग आला होता आणि तो सरांना समजलं नाही याचा नव्हता. मलाही दोन महिने समजलं नव्हतं. न बघता समजलेल्या माणसाचा मला राग होता.

मी एक ताजी प्लेट घेतली, फक्त दूधसाखरेची. मधोमध रेघ मारली. डावीकडे सरांचे शुद्ध जिवाणू पसरले, उजवीकडे डब्यातले लाल. विभागाच्या इन्क्युबेटरमध्ये, विभागाच्या नियमानं, सोमवारी दुपारी बारा वाजता ठेवली. बुधवारी बारा वाजता अठ्ठेचाळीस तास भरत होते. उजवीकडचे कुठून आले हे सांगायचं की नाही, ते मी बुधवारवर टाकलं.

बुधवारी अकरा वाजता सरांनी भुवया उंचावून विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी माफीनामा घडी करून खिशात घातला.

थत्तेबाई बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, आणि परीक्षकांना शोभणार नाही इतक्या मोकळ्या होत्या. आल्या आल्या त्यांनी पंखा वाढवायला सांगितला, माझा प्रबंध मधूनच उघडला आणि थेट त्या पानावर बोट ठेवलं. “सहाव्या दिवशी अडतीस. छान. प्लेटा कुठे आहेत?”

सर खाकरले. “मॅडम, त्याबद्दलच मला जरा खाजगीत...”

“खाजगीत काय? प्लेटा आहेत की नाहीत?”

दारात चहाचा ट्रे घेऊन गुलाबभाऊ उभे होते. ट्रेमध्ये तीन कप आणि स्टीलचा डबा. मी मानेनं नको म्हणत होते. त्यांनी आधी चहा दिला, बाईंना बिस्किटाचं विचारलं आणि मग डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं.

“ह्या पलेटा, मॅडम. मीच ठेवल्या. नोंदवहीत फेकल्या म्हनून लिहिलं, ते खोटं हाय. ताईचे आकडे खरे हायेत.”

“ढोके, बाहेर व्हा,” सर अतिशय सौम्यपणे म्हणाले.

“थांबा हो,” बाई म्हणाल्या. त्यांनी एक प्लेट उजेडात धरली. मग दुसरी. बारा वाजून गेले होते; मी इन्क्युबेटरमधून मधोमध रेघ मारलेली प्लेट आणून दिली आणि सांगितलं, डावीकडे शुद्ध केलेले पांढरे, उजवीकडे डब्यातले लाल. डावी बाजू कोरी होती. उजवीकडे कॉलन्यांची रांग. बाईंनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. “लाल कॉलनीत पांढरी फोड... आणि पांढऱ्यांना दूधसाखर चालत नाही. प्रती वाढवल्यात यांनी. वाढवल्या आणि गरज सरल्यावर टाकल्या. बोरकुटे, तुला कळलं होतं हे?”

“सोमवारी कळलं, मॅडम.”

“पण मग या डावीकडच्या बिचाऱ्या कुणी निवडल्या?”

मी सरांकडे पाहिलं नाही. आयुष्यात तेवढीच एक सभ्यता मी त्यांच्याशी केली.

“त्या तुलनेसाठी,” सर म्हणाले. “मुद्दाम. मॅडम, दोन दिवसांपलीकडे पाहायला हवं ही माझी जुनी धारणा आहे. मुलांना एकदम सगळं सांगत नाही मी. त्यांचं त्यांना सापडू द्यावं.”

खिशात माफीनाम्याची घडी होती. तिचा कोपरा बाहेर डोकावत होता, आणि सर हे सगळं श्वास न अडखळता बोलले. मी पन्नास मिनिटांच्या तोंडी परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर चुकले, ते त्यामुळे.

जाताना बाईंनी गुलाबभाऊंकडे बोट दाखवलं. “या गृहस्थांचं नाव आभारात घाला, खानझोडे. यांनी नियम मोडला नसता तर तुमची धारणा ऑटोक्लेव्हमध्ये गेली असती.”

सर हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

शनिवारी विभागातल्या एकुलत्या टाइपरायटरवरून दोन कागद निघाले. पहिला होता दिल्लीच्या परिषदेला पाठवायचा सारांश; त्याची कार्बन प्रत माझ्याकडे आली. लेखक: व्ही. एन. खानझोडे. त्यात लिहिलं होतं की प्लेटा सात दिवस ठेवून निरीक्षण करण्याची कल्पना आणि योजना लेखकाची होती. आभारात मी होते, विद्यापीठाच्या वीजपुरवठ्याच्या खाली.

दुसरा कागद होता मेमो. श्री. गुलाबराव ढोके यांनी विभागाचा नियम मोडून प्लेटा परस्पर सात दिवस ठेवल्या व नोंदवहीत खोट्या नोंदी केल्या. सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा चोवीस तासांत द्यावा.

त्याच बोटांनी, त्याच फितीनं, अर्ध्या तासाच्या अंतरानं टाइप केलेले कागद. एकात सात दिवस म्हणजे प्रज्ञा, दुसऱ्यात गुन्हा. मी थत्तेबाईंचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. मूळ वह्या माझ्याकडे होत्या, तारखा होत्या, डबा होता. बाईंना एक पत्र, की सारांश दिल्लीला पोचायच्या आधी उभा चिरला गेला असता. पत्राचा मजकूर मला झोपेतून उठवलं असतं तरी मी म्हणून दाखवला असता.

गुलाबभाऊ मेमो घेऊन माझ्यासमोर बसले. “खुलासा लिहून द्या, ताई. मले सरकारी भाषा येत नाही.”

“मी बाईंना पत्र लिहिते आहे. सगळं उघडं करते.”

“करा ना. किती दिवस लागतीन?”

“पत्र जाईल, चौकशी लागेल... दोन-तीन महिने.”

ते मान हलवून म्हणाले, “बरं.” खुलाशाला चोवीस तास होते आणि त्यातले पाच गेले होते. प्लेटा ठेवा म्हणून कुणी सांगितलं होतं, याचा त्यांनी त्या दिवशी उल्लेखसुद्धा केला नाही. केला असता तर मला रागावता आलं असतं.

मी मेमो आणि सारांशाची प्रत शेजारी शेजारी ठेवली, कोरा कागद घेतला आणि लिहिलं: ‘मेमोतील आरोप मला मान्य नाही. विभागप्रमुखांनी सोबतच्या सारांशात स्वतः नमूद केल्याप्रमाणे, प्लेटा सात दिवस ठेवण्याची कल्पना व योजना सर्वस्वी त्यांचीच होती. मी त्यांच्या तोंडी सूचनेनुसार प्लेटा ठेवल्या व नोंदीही त्यांच्याच सूचनेनुसार केल्या. कुमारी बोरकुटे यांनी मला कोणतीही सूचना दिली नव्हती. साक्षीदार म्हणून त्या खाली सही करीत आहेत.’

मी वाचून दाखवलं. गुलाबभाऊंनी पेन हातात घेतलं नाही.

“ताई, हे तं खोटं हाय.”

“हो.”

“सरायनं हे खोटं म्हटलं तं त्यायचा तो दिल्लीचा कागद खोटा पडते. आन् खरं म्हटलं तं मले सोडा लागते.”

“हो.”

“पन मंग तुमचं काय उरलं? उद्या कोनी विचारलं, तं ह्यावर तुमची सही दाखवतीन.”

“भाऊ, सही करा. चार वाजता सर घरी जातात.”

त्यांनी मोठ्या, मोकळ्या अक्षरांत सही केली. मी साक्षीदाराच्या जागी केली. सोमवारी याच सरांनी पुढे केलेल्या खोट्या कागदावर सही न करायला मी किती ताठ झाले होते. शनिवारपर्यंत तसलाच एक मी स्वतः रचला होता, आणि भाषाही जास्त बरी होती.

सरांनी खुलासा उभ्यानं वाचला. मग बसले आणि पुन्हा वाचला. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलेलं आहे हे मला दिसलं. मी काय देते आहे आणि कशाच्या बदल्यात, दोन्ही. मेमो त्यांनी चारदा फाडला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. मग फाइलवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर घातला, खुलासा तिसऱ्यांदा वाचायला घेतला, आणि खिशातून पेन्सिल काढली.

“भाषा चांगली आहे तुमची, मिस बोरकुटे,” ते म्हणाले. “फक्त एक सुधारणा.”

त्यांनी ‘तोंडी सूचनेनुसार’ या शब्दांभोवती गोल केला.

“याच्या आधी ‘वारंवार दिलेल्या’ घाला.”

मी घातलं.